आप्पांचा गेम बंद पडला

४ नोव्हें., मंगळ.
आप्पांचा गेम बंद. भाऊजींनी माळ्यावर टाकलेला, हातात धरून खेळायचा जुना व्हिडिओ गेम. अर्धांगाच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू सासऱ्यांनी एकदाच दाबून फेकला, पण हा सोडला नाही. उजवा अंगठा हळूहळू बटणावर यायला लागला होता. कसा बंद पडला विचारलं, तर "आपोआप." हात परत मांडीवर पडून. मला बघवेना. शिरूरला माझ्या रिपेअरिंगच्या दुकानात आणलाय.

५ नोव्हें., बुध.
बॅटरी बाहेर काढून चार्ज केली. ठणठणीत. तरी गेम ढिम्म. स्विच साफ केला, नाही. मोबाइलची दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. पाठवली तर पाठवली! दुपारी फ्यूजवर मीटर टेकवला: बीप नाही! फ्यूज उडालाय! खुर्चीतून उठलेच. जुन्या बोर्डावरचा काढून लावला. हिरवा दिवा लागला... आणि विझला. हाही उडाला.

६, गुरु.
यवतच्या उस्तादांना फोन. रिपेअरिंग त्यांच्याकडेच शिकले. "फ्यूजच बदलत बसलीस व्हय? आधी शॉर्ट शोध. थोडा करंट दे, बोर्डावर स्पिरिट टाक. जिथं आधी सुकंल तिथं चोर."
टाकलं. नाक टेकेपर्यंत वाकले. सगळा बोर्ड ओला आणि चार्जिंगच्या सॉकेटजवळ तिळाएवढा ठिपका कोरडा! तिथला कपॅसिटर शॉर्ट! तो बदलला, फ्यूज टाकला, चालू!! एकटीनंच टाळ्या वाजवल्या. शेजारचा सलूनवाला डोकावून गेला.
पण सॉकेटजवळ? म्हणजे भलताच चार्जर लागलाय. आपोआप म्हणे.

७, शुक्र., सकाळ
चहाला आप्पांना धरलंच. खाली बघत म्हणाले, "फवारणीच्या पंपाचा चार्जर लावला व्हता. पीन बसली, वाटलं चालंल."
"कुणी लावून दिला? आत्याबाईंनी?"
"न्हाई. म्याच."
"डाव्या हातानं?"
"डाव्यात गेम धरला व्हता की."
म्हणजे पीन उजव्या हातात! चार महिन्यांत त्या हातानं चमचा धरला नाही. आणि मी रागवीन म्हणून तीन दिवस गप्प! माझा चहा सांडला. इतकी खूश मी लग्नातही नव्हते.

दुपारी
गेम घरी चालू आहे. चार्जिंग टिकतंय का, बघायचं. मागच्या झाकणाचे तीन स्क्रू मी आवळले, चौथा आप्पांना दिला. उजव्या हातानंच. आत्याबाई नवऱ्याच्या मदतीला उठल्या, त्यांना बसवलं. स्क्रू ड्रायव्हर दोनदा पडला, दोनदा त्यांनीच उचलला. स्क्रू अर्धा आत गेलाय. डॉक्टरांची वेळ पाचची, साडेचार इथंच झाले. निघू या म्हटलं, तर मान वर न करता म्हणतात, "थांब पोरी, आजून एक आटा."