संगमसखीची ओळ

आई,

मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. पाचगणीच्या कॉन्व्हेंट शाळेत दर रविवारी घरी पत्र लिहावं लागायचं, पण ते इंग्रजीत आणि बाबांच्या नावाने. बाबा ते पेढीवर वाचायचे आणि जेवताना तुला एवढंच सांगायचे, "पोरगी बरी आहे." आता मी साठी ओलांडली, तू जाऊनही कितीतरी वर्षं झाली, आणि आज तुझ्या नावाने लिहायला बसले आहे, कारण काल दुपारी सांगलीत जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगायची माझी हिंमत नाही.

मैफल होती. ज्या बायकांनी बंदिशी बांधल्या आणि ज्यांची नावं कुणी लक्षात ठेवली नाहीत, त्यांच्याच बंदिशी गायच्या, असा कार्यक्रम दोन-तीन तरुण गायिकांनी बसवला आहे. गाण्याआधी ती बाई कोण, कुठली, हे त्या सांगतात. मी दुसऱ्या रांगेत बसून मान डोलवत होते. मग त्यांतली एक म्हणाली, "आता भीमपलास. ही बंदिश माझ्या गाण्याच्या बाईंना त्यांच्या बाईंनी शिकवली. कुणी बांधली ते माहीत नाही. पण शब्द ऐका, बाईचेच आहेत." आणि तिने उचलली, 'रंग न छूटे हाथन को'. तिच्या बाईंच्या बाई म्हणजे मी. ती मला ओळखत नव्हती.

आपलं सांगलीचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं. बाबांच्या हळदीच्या आडतीवरून हळकुंडांचे नमुने टोपल्या भरून घरी येत, ते निवडायचे, फोडून आतला रंग बघायचा, हे तुझं काम. तुझे हात मनगटापर्यंत पिवळे. माहुलीला लहानपणी शेजारच्या मुलींना शिकवायला गवई यायचे, तू त्यांच्या ओसरीवर बसून ऐकत शिकलीस. सासरी बायकांनी आवाज काढून गाणं चालायचं नाही, म्हणून तू हळकुंडं फोडता फोडता गुणगुणायचीस आणि मोडक्यातोडक्या ब्रज भाषेत स्वतःच्या बंदिशी बांधायचीस. त्या माझ्या जुन्या वह्यांच्या उरलेल्या पानांवर लिहून ठेवायचीस. बांधणारा अंतऱ्यात आपलं नाव गुंफतो हे तू गवयांकडून ऐकलं होतंस, म्हणून तूही नाव घेतलंस, संगमसखी. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर वाढलेली, म्हणून. ते नाव माहेरी मामीला ठाऊक होतं आणि सासरी मला.

तू पहिल्यांदा पाचगणीला भेटायला आलीस तो दिवस आठवतो. पायरीवर उभी आहेस, हातात साटोऱ्यांचा डबा आहे, आणि मोठ्या सिस्टरना विचारते आहेस, "आवं शिस्टर, पोरगी नीट जेवती का न्हाई?" मुली हसतात. माझ्या शेजारच्या खाटेवरची मुलगी तुझ्या हातांकडे बघून मला विचारते, "तुझ्या आईला कावीळ झालीय?" मी म्हणते, "हो." तू दोन पावलांवर होतीस, डब्याच्या फडक्याची गाठ सोडत. तुला ऐकू गेलं असेल असं माझ्या मनातही आलं नाही. पुढच्या खेपेला तू आलीस तेव्हा हात चिंचेने आणि राखेने घासून लाल केले होतेस, बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या. मला तेव्हा फक्त हायसं वाटलं.

पुढे कॉलेजात असताना साताऱ्याला गाण्याची स्पर्धा होती. तू मला ही बंदिश दिलीस. लुगडं नाही, दागिना नाही, तुझं स्वतःचं असं द्यायला तेवढंच होतं. अंतरा असा होता, 'संगमसखी कहे, धोवत हारी'. परीक्षक विचारतील ही संगमसखी कोण, आणि मग मला सांगावं लागेल की माझी आई, चौथी शिकलेली, 'हाय-न्हाई' बोलणारी. म्हणून मी गायले, 'सुन री सखी, मैं धोवत हारी'. तालात चपखल बसलं. परीक्षकांनी विचारलंच, "बंदिश कुणाची?" मी म्हणाले, "पारंपरिक आहे." पहिला नंबर आला. तू आणि मामी मागे बसला होतात. बाहेर पडताना मामी म्हणाली, "वन्सं, ही तर तुमचीच की वो!" तू म्हणालीस, "गप गं."

एसटीत कराड आलं तेव्हा तू विचारलंस, "पारंपरिक म्हंजी काय गं?"

"म्हणजे फार जुनं. कुणी केलं ते माहीत नसतं."

"आसं व्हय," तू म्हणालीस आणि हसलीस. "मंग लय म्हातारी झाले की मी." आणि पिशवीतून शेंगा काढून माझ्या ओंजळीत टाकल्यास.

काल त्या मुलीने अंतरा सावकाश घेतला. 'धोवत हारी', धुऊन धुऊन थकले, हे तिने तीन-चार वेळा वेगवेगळ्या अंगाने म्हटलं. चाळीस वर्षं मी ती ओळ गायले, साताऱ्यात राहत होते तोवर तिथल्या मुलींना शिकवली, आणि तू काय धूत होतीस ते मला काल कळलं. तुला त्या दिवशी पायरीवर ऐकू गेलं होतं.

गाणं संपल्यावर मुलगी म्हणाली, "इथे कुणाला या बाईंबद्दल काही माहीत असेल तर सांगा." माझ्या मागून एक म्हातारी म्हणाली, "आसंल आपल्यासारखीच कुणीतर." लोक हसले. मीही हसले.

नंतर चपला शोधताना ती मुलगी समोर आली, तेव्हा कसंबसं म्हणाले, "बाळ, अंतऱ्यात 'सुन री सखी' नाही. 'संगमसखी कहे' असं आहे. ते बांधणारीचं नाव."

"काकू! तुम्हाला कसं माहीत? कोण होत्या त्या?"

तोंडात शब्द आला होता. पण तो उच्चारला की पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग ही ओळ बदलली कुणी? मी म्हणाले, "माहुलीची एक बाई."

तिच्याजवळ कागद नव्हता, तिने पेनाने तळहातावर लिहून घेतलं, 'संगमसखी, माहुली'. पुढच्या रविवारी साताऱ्याला कार्यक्रम आहे, तुम्ही या, सगळ्यांसमोर सांगा, म्हणून मागे लागली. मी म्हटलं, "गुडघे फार दुखतात गं, प्रवास झेपत नाही."

तुझ्या वह्या माझ्या कपाटात आहेत. प्रत्येक बंदिशीत, अंतऱ्याच्या त्याच जागी, तुझ्या किरट्या अक्षरात ते नाव आहे. त्या मी कुणाला दाखवलेल्या नाहीत. हे पत्रही घडी घालून त्यांतच ठेवणार आहे. आई, माझे गुडघे अजून दुखत नाहीत.