बाच्या गाडीचा लाल लाइट

बा, तुह्या ट्रकच्या डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल लाइट मी काढला, त्याबद्दल तुह्याशी कधी बोललोच नाही. तू गेल्यालेही आता बारा वर्षं होत आली. काम शिकून दारव्ह्याले नवीनच दुकान टाकलं होतं मी, अन् अंगात मस्ती केवढी! तुले म्हटलं, "बा, लाइट लागते तवा इंजिन मेलेलं असते. काटा आधी सांगते. मीटर बसवून देतो." तू बोनेटवर हात ठेवून उभा. "बेटा, लाल लागला का मी थांबतो. जिंदगीभर असाच थांबलो. हा काटा मले कसा थांबवन?" मी हसलो. म्हटलं, काटा पाहाले काय शाळा लागते? तू किल्ली माह्या हातात दिली. पोराचं मन मोडायचं नाही, एवढंच तुह्या मनात असन.

दोन मीटर बसवले, एक ऑइल प्रेशरचा, एक पाण्याच्या गरमीचा. ऑइलसाठी इंजिनाले भोक एकच. त्यातून लाइटचा स्विच काढला, तिथं मीटरचा सेन्सर घातला, अन् लाइट कायमचा बंद. पितळेची एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, मधात लावली असती तर दोन्ही चालले असते, लाइटही अन् काटाही. टी माह्या ड्रॉवरात पडलेली होती बा. अर्ध्या तासाचं काम. पण खरं सांगू? मले वाटे, लाइट ठेवला तर तू माह्या काट्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. तुले जवळचं दिसत नव्हतं, हेही मले माहीत होतं. रस्त्यावरचा दगड तुले दुरून दिसे, पण बिडीच्या बंडलावरचं नाव हात लांब करून वाचायचा, अन् चष्मा लावायले लाजायचा. तरी चहाच्या टपरीवर एकेका ड्रायव्हरले केबिनमंधी चढवून दाखवून राह्यलता, "पाहा, पोरानं विमानातले काटे बसवले!"

मग ती दुपार. झरी जामणीकडून कापूस भरून निघालता तू. ऑइलचा पाइप फुटला, काटा शून्यावर पडला असन, अन् तू आपला चालवून राह्यला, कारण लाल काही लागलाच नाही. इंजिन जाम झालं तवाच थांबला. मी जीप करून पोचलो, तर तू सडकेच्या कडेले फडक्यानं हात पुसत होता, पुसलेलेच हात पुन्हा पुन्हा. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाला, "ध्यान नव्हतं रे माह्यं." मिस्त्रीले तेच सांगतलं, तांड्यात तेच. घरी याडी, माही माय, भांडली, "नवरा आहेस का दगड? दिसलं कसं नाही तुले?" तू म्हणाला, "नाही दिसलं. भाकर वाढ." गाडी भंगारात गेली. दुसऱ्याच्या गाडीवर तू बसला नाही, अन् घरी बसून बसून तुह्यं काय झालं ते आम्ही पाह्यलं. काम सुटलेला माणूस किती लवकर म्हातारा होते! मी रोज तुह्यापुढं जेवायले बसत होतो. रोज सांगता आलं असतं.

आता प्रत्येक गाडीत टी लावतो मी. गिऱ्हाईक नको म्हणलं तरी लावतो. त्यानं तुह्यं काहीच परत येत नाही. आज नेरचा एक म्हातारा ड्रायव्हर आलता, अन् याडी माहा डबा घेऊन दुकानात आलेली. तो बोलता बोलता मले म्हणाला, "तुह्या बाचं इंजिन असंच जाम झालतं म्हणे?" याडीनं मले बोलूच दिलं नाही. "याच्या बापाचं ध्यान नव्हतं. पोरानं एवढे चांगले काटे बसवून दिले, अन् तो माणूस पाहे तरी कुठं, कोण जाणे!" एवढी वर्षं झाली, तिचा राग तसाच आहे बा. मी इंजिनात तोंड घातलं अन् पाना आवळत राह्यलो.

तुले लिहिणं सोपं आहे, तू कोणाले सांगत नाही. ती आत्ता भिंतीपलीकडं भाकरी थापून राह्यली. तिले वाचता येत नाही, वाचून मलेच दाखवावं लागन. नाही दाखवणार मी. ती तुह्यावरच रागावलेली असली का, मले बरं वाटते.