विष्णूचं धोतर

३ फेब्रुवारी, सोमवार
विष्णू गेला. शुक्रवारीच. हा गाढव चाळीस वर्षांत कुठे वेळेवर पोचला नाही, आणि इथे मात्र माझ्या आधी नंबर लावला!
त्याच्या मुलाचा, अनयचा, फोन. विष्णूने लिहून ठेवलंय: धोतर नेसवून पाठवा. अठराला फ्युनरल. आदल्या दिवशी फ्युनरल होममध्ये घरच्यांनीच अंघोळ घालून कपडे घालायचे. इथे इंग्लंडात, अख्ख्या स्लाऊमध्ये धोतर नेसवता येणारा मी एकटा. हो म्हटलं. छत्तीस वर्षं ऑर्थोपेडिक सर्जन होतो, मला काय होतंय!

५ फेब्रुवारी
मधुमती म्हणते, तुम्ही आजवर एकाही मयताला आत गेला नाहीत, दरवेळी गाडी पार्क करायला जाता. धादांत खोटं! दोनदा पाऊस होता. स्वतःच्या बायकोने असं बोलावं?
संकल्प: रोज फ्युनरल होमला एक व्हिजिट. भीती म्हणून नव्हे, पूर्वतयारी म्हणून.

६ फेब्रुवारी, सकाळी ११
गेलो. दार उघडं होतं, पण बंद असल्यासारखं दिसत होतं. समोरच्या कॅफेत बसून निरीक्षण केलं. फ्लॅपजॅक, म्हणजे ओट्सची वडी, बरा होता.

८ फेब्रुवारी
आत गेलो! पूर्ण चार मिनिटं. तिथला डायरेक्टर ग्रॅहम, फार मऊ बोलतो. मऊ बोलणारी माणसं माझ्या डोक्यात जातात. आतली खोली बघणार का, म्हणाला. म्हटलं, त्यात बघण्यासारखं काय आहे? ब्रोशर घेऊन बाहेर. प्रगती उत्तम.

११ फेब्रुवारी
इस्त्रीच्या टेबलाला धोतर नेसवलं. निऱ्या झकास, कासोटा थोडा ढिला. मधुमतीला म्हटलं, जरा पाच मिनिटं निपचित पड. तिने उलथनं उगारलं. कसलं म्हणून सहकार्य नाही या घरात.

१४ फेब्रुवारी
विष्णूचा भयंकर राग येतोय. स्वतः डॉक्टर असून बीपीची गोळी घेईल तर शपथ! शंभरदा सांगितलं. दर रविवारी चहाला येऊन माझ्याशी कचाकचा भांडायचा. आता मी भांडू कुणाशी?
व्हिजिट राहिली. गुडघा दुखतोय.

१७ फेब्रुवारी, सकाळी ९.३०
मन एकदम शांत. तीनदा बाथरूमला जाऊन आलो. निघतो.

१७ फेब्रुवारी, दुपारी ३
ग्रॅहमने खोलीचं दार उघडलं. चादरीबाहेर पाय दिसले. उजव्या घोट्यावर लांब व्रण. तो घोटा चौऱ्याण्णव साली मीच प्लेट आणि स्क्रू घालून बसवला होता.
गाडी डबल येलोवर, नो-पार्किंगच्या पिवळ्या रेघांवर, आहे असं एकदम आठवलं. नव्हती.
पाऊण तास गाडीत बसलो. मग अनय आला, शर्टाच्या बाह्या ओल्या. मी धोतराचं काही बोलणार, तर म्हणाला, शशीकाका, इट्स फाइन, पँट घातली. बाबाने बॅगेत आधीच ठेवलेली, वर चिठ्ठी लावून. चिठ्ठी दाखवली. विष्णूचंच गिचमिड अक्षर: शश्या आत येणार नाही. त्याला काही बोलू नकोस. चहा दे.
त्याने फ्लास्क आणला होता. प्यायलो. मेला तरी याचंच खरं!
घरी आलो. मधुमतीने विचारलं, नेसवलंत का नीट? म्हटलं, पार्किंगच मिळालं नाही.
ती भांडलीसुद्धा नाही.