किसणीवरचा क्रंबल

प्रिय अस्मिता,

नावामागे 'सौ.' लिहायचं की नाही ते कळेना, म्हणून नुसतंच प्रिय.

आज तुझा तो अंजिराचा केक केला, वर कुरकुरीत क्रंबल असलेला. तू या घरातून गेल्यापासून तो कोणी केलाच नव्हता. मैद्यात साखर घातली, थंड लोणी चोळलं, पिठाचा मुटका वळतो का पाहिलं. वळला. आता थांबायचं, हे हातांना कोण सांगणार? आयुष्यभर शंकरपाळी केलेले हात; त्यांनी पीठ सरळ मळूनच टाकलं! चुरा हवा होता, झाला गोळा. मग तो फ्रिजमध्ये कडक केला आणि खोबऱ्यासारखा किसून केकवर पसरला. काय खमंग झालाय म्हणून सांगू!

केयूरने पहिला घास घेतला आणि विचारलं, "अस्मिता आली होती?"

"का? मला हात नाहीत?" मी म्हटलं. चिरंजीवांनी दुसरा तुकडा उचलला.

हे पत्र काही मी टाकणार नाही. आधी कळवलं तर तू "कशाला एवढ्या लांब दगदग" म्हणशील. उद्या सरळ अर्धा केक डब्यात भरते आणि स्वारगेटहून वाघोली गाठते. शेजारच्या कुलकर्णीबाई विचारतीलच, आता तुमचं तिच्याशी नातं काय? विचारू देत. घटस्फोटाच्या कागदांवर तुमच्या दोघांच्या सह्या होत्या. माझी कुणी घेतली नव्हती.

तुझी,
आई