पाण्यावरची फियाट

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

उद्यमनगर, कोल्हापूर
१४ ऑगस्ट १९९९

चि. सौ. दानेश्वरीस अव्वाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इकडे सगळे खुशाल. दारच्या जास्वंदीला यंदा इतकी फुलं आहेत की शेजारणी पूजेला नेऊनसुद्धा संपत नाहीत.

डॉक्टरांनी प्रवास करायचा नाही म्हणून सांगितलं, हे वाचलं आणि हातातलं काम सुटलं. म्हणजे पहिलं बाळंतपण साताऱ्यालाच. 'अव्वा, तू ये' असं लिहितेस. येते म्हणून लगेच लिहायला मला काय झालंय? पण माझं तुला ठाऊक आहे. पेट्रोलचा वास नाकात गेला की पोट ढवळतं, डोकं गरगरतं. तुझ्या मावशीच्या मुलाचं आजऱ्याला लग्न होतं, तिकडे अक्षता पडत होत्या आणि मी गारगोटीत कुणाच्या तरी ओसरीवर ओला फडका कपाळावर घेऊन आडवी होते. त्या घरची बाई मला लिंबूपाणी देत म्हणाली, "पावणं, आता चालतच जावा." एवढी मोलाची सूचना मला आजवर कुणी केली नाही. रेल्वेचंही तेच. इंजिनाचा धूर डब्यात शिरला की संपलं.

तुझ्या अप्पांची तब्येत ठणठणीत आहे. अमरसिंहरावांबरोबर लग्न करून आलीस त्या दिवशी 'तिच्या दाराची पायरी चढणार नाही' म्हणाले, ते अजून तिथंच आहेत. तुझं नाव घेत नाहीत. 'साताऱ्याचं पत्र आलं का' असं विचारतात, जसं काही सगळं सातारा गाव बसून आपल्याला पत्र लिहितं. मी मोठ्यानं वाचते. ते पेपर तोंडासमोर धरून शेजारी बसतात आणि माझं वाचून होईपर्यंत पान उलटत नाहीत.

या वेळी वाचून झाल्यावर मी नुसतं म्हटलं, या गाड्यांना तेवढा वास नसता तर आत्ता उठून गेले असते. त्यांनी पेपरची घडी घातली. चपला घालून वर्कशॉपला गेले. तेव्हापासून घरात माझं काही चालत नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीत एक मोठी काचेची बरणी आली आहे. तिच्यात पाणी, थोडा कॉस्टिक सोडा, स्टीलच्या पट्ट्या आणि दोन वायरी. वायरी बॅटरीला जोडल्या की पट्ट्यांवरून बारीक बुडबुडे वर चढायला लागतात. हा हायड्रोजन, म्हणाले. पाण्यातच असतो. ह्याच्यावर आपली फियाट चालवायची, मागून धूर निघणार नाही, वास येणार नाही, नुसती वाफ. मग बुडबुडे साबणाच्या फेसात धरून त्यांनी काडी लावली. असा आवाज झाला की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं पळालं. अप्पांची डावीकडची मिशी निम्मी गेली. इतके आनंदात मी त्यांना तुझ्या पदवीच्या निकालानंतर पाहिलं नव्हतं.

तू केमिस्ट्री शिकवतेस म्हणून विचारते. असं होतं का गं?

दुधाचा रतीब वाढव. पायावर सूज आली तर अंगावर काढू नकोस.

माझे आशीर्वाद. 'घरातल्या सर्वांचे' असं लिहायची रीत आहे, पण विचारल्याशिवाय दुसऱ्याचे मी कसे लिहू?

तुझी
अव्वा


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

कोल्हापूर
२५ सप्टेंबर १९९९

चि. सौ. दानेश्वरीस आशीर्वाद.

तुझं पत्र अप्पांसमोर वाचलं. हायड्रोजन जळला की जे उरतं तेच पाणी, म्हणजे पाणी ही हायड्रोजनची राख, आणि चुलीतल्या राखेवर पुन्हा भाकरी भाजत नाही. हे मला एका दमात कळलं. त्यांना कळायला दोन दिवस लागले. तेसुद्धा कळलं असं म्हणाले नाहीत. "साताऱ्याला विचार," म्हणाले, "इंजिन फिरतंय तवर डायनॅमो फिरतोय, डायनॅमोची वीज पाण्यात सोडली तर काय बिघडलं?" तू त्याचंही उत्तर आधीच लिहून ठेवलं होतंस: डायनॅमो फुकट फिरत नाही, तो इंजिनाची ताकद खातो, पाणी फोडायला जेवढी वीज घालाल त्याहून कमीच परत मिळतं. मी खाली बोट ठेवून ती ओळ पुन्हा वाचली. पेपर थोडा हलला.

परदेशात हायड्रोजनच्या गाड्या बनवतायत, पण तो वायू बाहेर वीज लावून वेगळा काढायचा, जाड टाकीत दाबून भरायचा, आणि म्हणून रोजच्या वापराला यायला अजून बरीच वर्षं लागतील, हे जे तू लिहिलंस ते मात्र त्यांना फार आवडलं. बाकीचं सगळं विसरून तेवढंच धरून बसलेत.

गडमुडशिंगीचे बाळासोभावजी रोज येतात. घरी म्हशी आहेत ना त्यांच्या. "दुधात पानी घातलं तर गिऱ्हाईक उभं करत न्हाय," म्हणाले, "आन तुमी सगळं पानीच घालाय निघालाय व्हय?" पण तेही संध्याकाळपर्यंत बरणीसमोर मांडी घालून बसलेले असतात. म्हशीनं पान्हा सोडायची बघावी तशी वाट बघत.

खरं सांगू? मलाही त्या बरणीचा नाद लागला आहे. दुपारी जेवणं झाली की मी खिडकीशी चटई टाकते. ऊन बरणीतून आत येतं आणि भिंतीवर पाण्याची सावली हलत राहते. बुडबुडे एकामागून एक वर जातात, कुणाला काही न विचारता. परवा डोळा लागला तर स्वप्नात फियाट रंकाळ्यात उतरलेली. चाकाखाली पाणी, रस्ता नाहीच. अप्पा चालवतायत, काचा वर, आणि गाडीत कसलाच वास नाही. नाही म्हणायला तुझ्या डोक्याला लहानपणी लावायचे त्या खोबरेल तेलाचा थोडा. काठावर पेट्रोलपंपाच्या जागी विहिरी, आणि बायका कळशीनं गाड्यांत पाणी ओततायत. सातारा पलीकडच्या काठावर दिसत होता. जाग आली तेव्हा बरणी तशीच चालू होती आणि मी रडत होते. कशाला रडत होते ते तुला लिहायला नको.

त्यांनी आता दिवस धरला आहे. खंडेनवमीला सगळ्या वर्कशॉपची यंत्रं बंद असतात, धुऊनपुसून पूजा होते. त्या दिवशी टाकी कोरडी करून फियाट पाण्यावर काढायची. मला पुढच्या सीटवर बसवायचं. तू म्हणतेस चालणार नाही. मी काय म्हणू? तुझं शिक्षण खरं ठरावं असं वाटतं आणि गाडीही चालावी असं वाटतं.

ते माझ्यासाठी चाललंय असं दाखवतात. वास बसव्वाला लागतो ना, म्हणतात.

काळजी घे. रात्रीची तपासायला उत्तरपत्रिका घेऊन बसू नकोस.

तुझी
अव्वा


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

कोल्हापूर
२१ ऑक्टोबर १९९९

चि. सौ. दानूस,

आशीर्वाद शेवटी लिहिते.

फियाट चालली. थांब, पुढचं वाच.

खंडेनवमीला लेथला झेंडूच्या माळा, फियाटला ऊस बांधलेला. आदल्या संध्याकाळी अप्पांनी टाकी उपसून रिकामी केली होती. पेट्रोलचा काटा तर तू शाळेत होतीस तेव्हापासून मेलेला आहे. नळीत राहिलेल्या घोटभर पेट्रोलवर गाडी सुरू होईल, मग बरणीचा वायू धरील, असा त्यांचा हिशेब. पूजा झाली, नारळ फुटला, आणि मी पदराच्या गाठीत लिंबू बांधून पुढं बसले. गाडी खोकली, थरथरली आणि चालायला लागली.

चालतच राहिली गं. शिवाजी विद्यापीठावरून पार गडमुडशिंगीपर्यंत. शेतात ऊस उभा, ऊन कोवळं, माझ्या पायाशी बरणीत बुडबुडे. मी वास घेऊन बघितला. ओल्या मातीचा, झेंडूचा, अप्पांच्या शर्टाच्या इस्त्रीचा. पोट शांत. मी काच खाली करून हात बाहेर काढला, लहान पोरीसारखा. अप्पा समोर बघत म्हणाले, "बरं वाटतंय न्हवं?" हेच स्वप्नात पाहिलं होतं आणि आता जागेपणी त्यात बसले होते. परत आलो तर उद्यमनगरात गुलाल. कुणीतरी पेढे आणले. लोक अप्पांना खांद्यावर घ्यायला निघाले होते, त्यांच्या गुडघेदुखीनं वाचवलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी बाळासोभावजी सोनं द्यायला आले. आपट्याची पानं अप्पांच्या हातात ठेवली, गळाभेट झाली, आणि सहज बोलावं तसं बोलले, "सिद्धरामअण्णा, नवमीच्या पूजेला रिकामी टाकी ठिवत्यात व्हय? म्या सकाळी आलतो तवा डबाभर वतलं की पेट्रोल."

त्यांच्या मनात पाप नाही. रिकाम्या भांड्याची पूजा त्यांच्या घरात कुणी कधी केलेली नाही. अप्पा पानं हातात धरून तसेच उभे राहिले.

भावजी गेल्यावर ते स्वयंपाकघरात आले. मी पुरणाचं उरलेलं झाकत होते.

"बसव्वा," म्हणाले, "गाडी पेट्रोलवर पळाली."

"मग मला काहीच कसं झालं न्हाय?"

"तेच सांगाय आलोय."

मी सगळ्या वाटेत पेट्रोलच्या गाडीत बसले होते, पेट्रोलचाच धूर मागं सोडत, आणि नाक म्हणत होतं झेंडू.

दानू, ते गप्प बसू शकले असते. उद्यमनगरात नाव झालं होतं, मी बरणी पायाशी घेऊन सुखानं साताऱ्याला आले असते. मी त्यांना तसं म्हटलंसुद्धा. तर म्हणाले, "दानूनं बरोबर लिवलं हुतं. तिच्याकडं खोट्या गाडीतनं जायाचं न्हाय."

तुझं नाव घेतलं. दोन वर्षांनी. मला वाटलं त्यांच्या लक्षात आलं नसेल, पण आलं होतं. कारण लगेच माठाकडं वळले आणि पाणी पीत बसले, तहान नसताना.

मग रात्रभर नाही, पण बराच वेळ बोललो. ही दोन वर्षं आम्ही दोघं सगळं माझ्या नाकावर ढकलून बसलो होतो ते दोघांनाही कळलं होतं. वास होताच, खोटं नाही. गारगोटीची ओसरीही खरी. पण तो वास आम्हाला सोयीचा झाला होता. मला तुझ्याकडे यायला सोसेल अशी गाडी नव्हती, म्हणून त्यांना मला घेऊन तुझ्या दारी यावं लागत नव्हतं. आता गाडी आहे. सरळ पेट्रोलवर चालणारी.

काल त्यांनी वायरी सोडवल्या. बरणी कितीदा तरी धुतली आणि परत त्याच खिडकीत ठेवली, रिकामी. दुपारी भिंतीवर सावली पडते, पण हलत नाही. मला करमत नाही. त्यांनाही नसावं, कारण मला म्हणाले, विचार तिला, बाळ मोठं होऊन गाडी चालवायला लागेल तोवर हायड्रोजनच्या गाड्या रस्त्यावर आलेल्या असतील का? मी म्हटलं, तुम्हीच विचारा. तर बाहेर जाऊन फियाटच्या चाकात हवा बघायला लागले.

दिवाळी झाली की आम्ही निघतो. मी लिंबू घेईन, काच खाली ठेवीन आणि डोळे मिटून ते बुडबुडे आठवीन. उलटी झाली तर झाली, वाटेत ओसऱ्या खूप आहेत. कराडला थांबून पुढं येऊ.

एक मात्र अडलं आहे. पायरी चढणार नाही म्हणालेले आहेत आणि तोंडून गेलेला शब्द मागं घेणं त्यांना येत नाही. मला दारात उतरवून स्वतः गाडीत बसून राहतो, म्हणतात. मी हो म्हटलं आहे. तर तू असं कर. फियाटचा हॉर्न ओळखीचा आहेच. पोट सांभाळत हळू बाहेर ये, अमरसिंहरावांना पुढं पाठवू नकोस. गूळ आणि पाण्याचा तांब्या तुझ्या हातात असू दे. खिडकीपाशी जा आणि दे. काही बोलू नकोस, नुसती उभी राहा.

गाडी पाण्यावर चालत नाही, हे तू पहिल्याच उत्तरात लिहिलंस. तुझे अप्पा चालतील.

आम्हा दोघांचे आशीर्वाद. या वेळी विचारून लिहिले आहेत.

तुझी
अव्वा