बाबांसाठी अर्धं टेबल

४ मार्च

ठरलं! बाबा रविवारी येतायत – कायमचे! घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं म्हणे. फोनवर एवढंच विचारलं, "येऊ ना गं तुझ्याकडे?" हे काय विचारणं झालं! पण रिकामे बसले तर आठवड्यात आजारी पडतील. त्यांना खिडकीपाशी, उजेडात, घड्याळं उघडून बसायला जागा हवी.

टेबल एकच. त्यावर माझा कॉम्प्युटर हातपाय पसरून बसलाय. पुस्तकांची पानं लावायचं माझं काम त्याच्यावरच चालतं, म्हणजे त्याला हाकलता येत नाही. पण आवरून बसायला लावता येईल की!

५ मार्च

सीपीयूचा खोका टेबलाखालच्या कपाटात ढकलला, दार लावलं. काय मोकळं झालंय! नवरा म्हणाला, "आता इथे टेबल टेनिस खेळू या."

६ मार्च

बंद पडला!! प्रकरण संपत आलं होतं आणि स्क्रीन काळा. कपाट उघडलं तर आत नुसती भट्टी. नणंदेला फोन लावला – ती कॉम्प्युटर दुरुस्त करते. कडाडलीच: "वहिनी, कपाटात कोंडलंस? त्याने श्वास कुठून घ्यायचा?"

थंड झाल्यावर सुरू झाला. पण अर्धं प्रकरण गेलं. आधी रडले, मग पुन्हा लावायला बसले.

८ मार्च

नणंद स्वतः आली, सुतारकाकांना घेऊन! टेबलाखाली कोपऱ्यात भक्कम फळी टांगली. जमिनीपासून वर – धूळ कमी, पायही लागणार नाही. खोका सरकू नये म्हणून कडेला पट्टी. पुढून-मागून उघडं. "मागे चार बोटं जागा सोडायचीच," नणंद दहादा बजावत होती. वायरी टेबलाच्या मागे बांधल्या, ताण न देता.

मग स्क्रीन. सुतारकाका डॉक्टरसारखे भिंत ठोकून ऐकत होते. "इथे पोकळ आहे... इथेही नको... हं, ही धरेल!" स्क्रीन भिंतीवर चढला, बरोबर डोळ्यांसमोर. मी टेबलावर दोन्ही हात पसरले – काही आडवं येईना! चक्क नाचले. सुतारकाकांसमोर!

९ मार्च

दिवसभर काम केलं. खोक्याला हात लावून पाहिला – कोमट. जिंकलो!

खिडकीकडची बाजू बाबांची. दिवा लावला. बारीक स्क्रू घरंगळू नयेत म्हणून जाड कापडही अंथरलं. उद्या त्यांचा चेहरा कधी बघते असं झालंय.

१० मार्च

बाबा आले. टेबल, दिवा, कापड – सगळं नीट बघितलं. मग उजवा हात पुढे केला. थरथरत होता.

"दुकान उगाच नाही बंद केलं, बाळ."

मग त्यांनी खुर्ची ओढली – माझ्या बाजूची! – आणि स्क्रीनकडे बघत म्हणाले, "हात थरथरला तरी हे चालतं ना? मग शिकव मला."