हेलकाव्यांचा कायमचा बंदोबस्त

सोमवार, ३ जून
आमच्या वीजकेंद्रातून निघणाऱ्या लांब लाइनवर वीज हेलकावे खाते. लोड वाढला की कंट्रोल रूममधल्या मीटरचा काटा मागे-पुढे डुलायला लागतो. जनरेटरच्या स्टॅबिलायझरचं कामच हे डोलणं जिरवायचं. पण चार वर्षांपूर्वी बसवला तेव्हापासून तो बंद! शुक्रवारी साहेबांसमोर मी तो चालू करून दाखवणार. जमलं की सेक्शन हेड मीच. बायकोला सांगून टाकलं. ती म्हणाली, आधी होऊ तर दे. या बाईला दूरदृष्टी नाही.

मंगळवार, ४ जून
बंद का, तर म्हणे चालू केला की काटा जास्तच नाचतो. इति ऑपरेटर काका. तीस वर्षं काटे बघून माणूस भित्रा होतो. रोग जुना आहे, डोस, म्हणजे स्टॅबिलायझरचा जोर, कमी पडत असणार. संकल्प: काकांशी वाद घालायचा नाही.

त्याच दिवशी, ११.४०
घातला.

बुधवार, ५ जून
चालू केला. डोस दुप्पट. डोलणं वाढलं. काकांनी मला न विचारता बंद केला. तरी प्रोग्रेस आहे, यंत्र प्रतिसाद देतंय. सासऱ्यांना फोनवर प्रमोशनचं कळवलं. नक्की झालं का, म्हणाले. टेक्निकली हो, म्हटलं.

गुरुवार, ६ जून
डोस चौपट. काटा पट्टीच्या बाहेर. काका हातातल्या चहासकट स्विचकडे धावले. चहा माझ्या शर्टावर. बायकोने विचारलं, डाग कसला? संशोधनाचा, म्हटलं.

शुक्रवार, ७ जून, दुपारी ४
डोस दहापट. लाइन ट्रिप. अर्ध्या शहराची वीज गेली. साहेब चष्मा पुसत राहिले. काकांनी मागचं पॅनल उघडलं, तर स्टॅबिलायझरच्या दोन तारा उलट जोडलेल्या! झोका थांबवायच्या ऐवजी तो झोक्याला धक्के देत होता. काकांनी तारा बदलल्या, डोस मूळचा ठेवला. वीज आल्यावर दहा सेकंदांत काटा गप्प.

म्हणजे माझी काहीच चूक नव्हती! जीव भांड्यात पडला. लगेच साहेबांना कडक पत्र दिलं: ज्या बेजबाबदार इसमाने या तारा जोडल्या, त्याला शोधून काढावं आणि पुन्हा कंट्रोल रूमची पायरी चढू देऊ नये.

शनिवार, ८ जून
साहेबांनी जुनं रजिस्टर मागवलं. तारा जोडल्याच्या नोंदीखाली सही आहे. सुबक, ठसठशीत. माझीच.

तेव्हा माझ्यावर कामाचा फार ताण होता.

पत्र मंजूर झालंय. एकही शब्द न बदलता.